मिनिटं कोणाला द्यायची? शिफ्टची नोंद, कार्यक्षमता की प्लस-मायनस

तालुका फेरी, मग जिल्हा, जमलं तर राज्य पातळी. गोव्यातल्या शाळेच्या बास्केटबॉल संघाला एवढ्यात आठ-दहा सामने मिळाले तरी पुष्कळ. तेवढ्या सामन्यांवरून रोटेशन, म्हणजे कोणाला कधी आणि किती वेळ खेळवायचं, ते ठरवायचं तर आकड्यांचे तीन पर्याय समोर असतात. टीव्हीवर एनबीए बघणारे थेट प्लस-मायनसवर (खेळाडू आत असताना दोन संघांच्या गुणांतला फरक) उडी मारतात. आमच्या मते शाळेच्या संघासाठी तोच सगळ्यांत कच्चा पर्याय आहे.

पहिला पर्याय शिफ्टची नोंद. तो अगदीच साधा वाटतो, पण बाकीचे दोन्ही त्याच्यावरच उभे राहतात: कोण कधी आत गेला, कधी बाहेर आला, एवढंच लिहायचं. टेबलवरच्या अधिकृत स्कोअरशीटवर हे सापडत नाही. बदली खेळाडू पहिल्यांदा आत गेल्याची खूण तिथे होते, पुढचं येणं-जाणं नाही. म्हणून बेंचवर वेगळा कागद लागतो. त्यात पाच रकाने पुरतात: घड्याळ, आत, बाहेर, आपले गुण, त्यांचे गुण. घड्याळ उलटं चालतं, त्यामुळे ७:२० ला आत आणि ३:०५ ला बाहेर म्हणजे ४ मिनिटं १५ सेकंद. एक्सेलमध्ये हे ४.१५ असं टाकलं की बेरीज बिघडली, ते ४.२५ हवं. दुसरी हमखास चूक दोन क्वार्टरांच्या मध्ये होते. विश्रांतीत झालेली बदली लिहायची राहते आणि बाकावर बसलेला पोरगा कागदावर खेळत राहतो. त्यावर उपाय एकच, प्रत्येक क्वार्टरच्या सुरुवातीला मैदानातल्या पाचांचे नंबर नव्याने लिहायचे. दहा मिनिटांच्या क्वार्टरची सगळ्यांची मिळून बेरीज ५० मिनिटं आणि चार क्वार्टरच्या सामन्याची २०० आली पाहिजे. नाही आली, तर तो कागद बाजूला ठेवा.

या २०० मिनिटांची वाटणी आधी कागदावर करून बघा. सुरुवातीच्या पाचांना २६, पुढच्या तिघांना १६, आणखी दोघांना ११, की हिशेब जुळला. ‘सगळ्यांना खेळवतो’ म्हणणाऱ्या सरांच्या संघातले दोघं ३६-३६ मिनिटं खेळलेले निघतात, हे या कागदाशिवाय कोणाच्या लक्षातही येत नाही.

दुसरा पर्याय कार्यक्षमतेचा. गुण, रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं), असिस्ट (बास्केट करून देणारा पास), स्टील (चेंडू हिसकावणं) आणि ब्लॉक (शॉट अडवणं) यांची बेरीज करायची; त्यातून हुकलेले शॉट, हुकलेले फ्री थ्रो आणि टर्नओव्हर (शॉट न घेताच चेंडू गमावणं) वजा करायचे. समजा एकाने २८ मिनिटांत १४ गुण, ५ रिबाउंड, ३ असिस्ट, १ स्टील केली. ९ शॉट आणि २ फ्री थ्रो हुकले, ५ टर्नओव्हर झाले. त्याचे झाले ७, म्हणजे ४० मिनिटांच्या हिशेबाने १०. दुसऱ्याने १२ मिनिटांत ४ गुण, ४ रिबाउंड, १ असिस्ट, २ स्टील केल्या. २ शॉट हुकले, १ टर्नओव्हर झाला. त्याचे ८, ४० मिनिटांना जवळजवळ २७. म्हणून लगेच अदलाबदल करू नका. दुसऱ्याची १२ मिनिटं बहुतेक समोरच्या बदली खेळाडूंविरुद्ध गेलेली असतात. त्याला पुढच्या सामन्यात ४ मिनिटं वाढवून द्या, तीही पहिल्या क्वार्टरमध्ये, आणि मग आकडा टिकतो का बघा. या पर्यायाची मोठी खोट बचावात आहे. समोरच्या गुण करणाऱ्या खेळाडूला रोखून धरणाऱ्याच्या नावावर काहीच जमा होत नाही. शिवाय नोंदीला दोन माणसं लागतात, एक बघून सांगणारा आणि एक लिहिणारा.

प्लस-मायनस म्हणजे खेळाडू आत असताना आपले गुण वजा त्यांचे गुण. शिफ्टच्या कागदावरून तो फुकटात निघतो, आणि म्हणूनच फसवतो. दहा मिनिटांत प्रत्येक संघाला अठरा-वीस वेळा चेंडू मिळतो. समोरच्याचे दोन लांबचे तीन-गुणी पडले की तुमच्या पोराच्या नावावर उणे सहा, त्यात त्याचा काही दोष नसतानाही. त्यात तालुका फेरीतला एकतर्फी सामना मिसळला की विचारूच नका. शेवटच्या क्वार्टरमध्ये फरक २५ च्या वर गेला, तर ती मिनिटं धरू नका. प्लस-मायनसचा खरा उपयोग एकाच प्रश्नाला होतो: मुख्य पॉइंट गार्ड (चेंडू आणून खेळ रचणारा) बाकावर असताना संघाचं काय होतं? तिथे सामन्यामागून सामना उणेच येत असेल, तर त्याला दोन लांब विश्रांत्यांऐवजी तीन छोट्या द्या.

फाउलच्या बाबतीत मात्र शिफ्टचा कागद डोळे उघडतो. पहिल्या क्वार्टरमध्ये दोन फाउल झाले की सेंटरला (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) हाफटाइमपर्यंत बसवायची रीत आहे. तो सरासरी सात मिनिटांना एक फाउल करत असेल, तर खेळाडू बाद होतो तो पाचवा फाउल साधारण ३५ व्या मिनिटाला येईल. त्याला तुम्ही खेळवणारच २६ मिनिटं. मग भीतीपोटी आपणच त्याची दहा मिनिटं घालवतो.

शिफ्ट किती लांब ठेवायची, हेही याच कागदावरून ठरतं. ऑक्टोबरच्या उकाड्यात उघड्या सिमेंटच्या कोर्टवर जी लांबी झेपते आणि म्हापशाच्या पेडे इथल्या किंवा नावेलीच्या इनडोअरमध्ये जी झेपते, त्यांचा हिशेब वेगवेगळा ठेवा. पाचव्या मिनिटानंतर कोणाचे टर्नओव्हर वाढतात, बचावाला परतायला कोण उशीर करतो, ते समासात लिहायचं. बदलीची वेळ मात्र नेमक्या मिनिटाची धरू नका. खेळ थांबल्याशिवाय बदली होत नाही, आणि सामन्याची शेवटची दोन मिनिटं सोडली तर नुसत्या बास्केटने घड्याळ थांबत नाही. पाच मिनिटं उरलेली असताना बदल हवा असेल, तर पोराला साडेपाच मिनिटं उरलेली असतानाच टेबलाकडे पाठवा.

एकच मदतनीस असेल तर शिफ्टचा कागद, दुसऱ्याचा विचारच नको. दोघं असतील तर जोडीला कार्यक्षमता घ्या. जखमी होऊन बाकावर बसलेला खेळाडू या कामाला उत्तम. त्याला सगळ्यांचे नंबर पाठ असतात.