घरपोच मासळी: अर्ध्या किलोत मासा किती आणि पाणी किती?

जुलैच्या मध्यावर पुण्यातल्या एका ग्राहकाकडे सुरमईच्या तुकड्यांचं पार्सल आलं. डब्यावर छापलं होतं, ‘पकडल्यापासून चोवीस तासांत तुमच्या दारात’. निव्वळ वजन 500 ग्रॅम, किंमत 799 रुपये. तुकड्या चाळणीत निथळायला ठेवल्या तर खाली अर्धी वाटी गुलाबी पाणी साचलं आणि उरलेली मासळी काट्यावर 428 ग्रॅम भरली. तक्रार केल्यावर उत्तर मिळालं: मासळीला पाणी सुटतंच, आणि पार्सल उघडतानाचा व्हिडिओ नसेल तर पैसे परत मिळणार नाहीत. ही सरळसरळ फसवणूक आहे, आणि ती ओळखायला लागणारं सगळं त्या डब्यातच होतं.

आधी तारीख बघा. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. बिगरयांत्रिक होड्यांना मुभा असली तरी शहरभर पुरेल एवढी सुरमई त्यांच्या जाळ्यात येत नाही. पूर्व किनाऱ्यावरची बंदी 14 जूनला उठते. म्हणजे जुलैत आपल्याकडे आलेली बहुतेक सुरमई एक तर तिकडून बर्फात ट्रकने आलेली असते, नाहीतर मे महिन्यापासून फ्रीजरमध्ये पडून असते. यातलं काहीच वाईट नाही. उणे 18 अंशांवर नीट गोठवलेल्या सुरमईचं कालवण उत्तम होतं. पण ती ‘गोठवलेली’ म्हणून, त्या भावाने विकायला हवी.

ते गुलाबी पाणी हा दुसरा पुरावा. मासा हळूहळू गोठवला की आत बर्फाचे मोठे खडे तयार होतात आणि मांसाच्या पेशी फाटतात. मग विरघळल्यावर रस धरून ठेवायची ताकद त्यात राहत नाही. बर्फात ठेवलेल्या ताज्या सुरमईला थोडं पाणी सुटतं, पण पाचशेत बहात्तर ग्रॅम सुटत नाही. (बोंबलाला हा हिशोब लावू नका, तो मुळातच पाणीदार.) अशी एकदा विरघळलेली मासळी ‘ताजी’ समजून घरच्या फ्रीजरमध्ये पुन्हा गोठवली की तव्यावर तिचा भुगा होतो, आणि लोक दोष तळणाऱ्याला देतात.

आता पैशांचं बोलू, कारण इथे ग्राहकही चुकीची तुलना करतात. बाजारात कोळीण अख्खा मासा तोलते, ॲपवर साफ केलेली तुकडी तोललेली असते. समजा बाजारात सुरमई 900 रुपये किलो आहे आणि दीड किलोचा मासा घेतला. झाले 1350. डोकं, पोट, पर, शेपटी मिळून साधारण तिसरा हिस्सा जातो, हातात किलोभर तुकड्या येतात. म्हणजे तुकडीचा भाव 1350 रुपये किलो, वर कालवणाला डोकं. ॲपवर 799 ला अर्धा किलो, म्हणजे किलोला 1598. साधारण अडीचशे रुपये जास्त. साफसफाई, बर्फ, डबा आणि घरपोच आणून देणं यासाठी हे पैसे आम्हाला वाजवी वाटतात, विशेषतः जिथे जवळ मासळी बाजारच नाही तिथे. पण 428 ग्रॅमवर हिशोब केला की भाव 1867 वर जातो. हे वरचे 270 रुपये निव्वळ पाण्याचे.

काही ठिकाणी आणखी एक चलाखी असते. मोठ्या अक्षरात 750 ग्रॅम, खाली बारीक अक्षरात ‘साफ केल्यावर 480 ते 500’. भाव नेहमी बारीक अक्षरातल्या आकड्यावर काढायचा, आणि ‘480 ते 500’ असेल तर 480 वर.

पाण्याचे पैसे सगळ्यात जास्त लागतात ते गोठवलेल्या सोललेल्या कोळंबीत. फ्रीजरमध्ये ती सुकू नये म्हणून तिच्यावर बर्फाचं पातळ कवच चढवतात. ते आवश्यकच आहे. पण पातळ कवचाच्या जागी जाड कवच चढवलं की तेवढा बर्फ कोळंबीच्या भावाने विकता येतो. निव्वळ वजन हे कवच सोडूनच धरायला हवं. घरी तपासणं सोपं आहे. गोठलेली कोळंबी तोला. चाळणीत घेऊन गार पाण्याच्या बारीक धारेखाली हलवत राहा. बोटाला गुळगुळीत बर्फ लागेनासा झाला की थांबा, कोळंबी आतून कडकच राहिली पाहिजे. चाळणी तिरकी धरून दोन मिनिटं निथळा आणि पुन्हा तोला. हा दुसरा आकडा पाकिटावरच्या निव्वळ वजनाशी जुळायला हवा.

तरीही एक पाणी राहतंच. फॉस्फेटच्या द्रावणात भिजवलेली कोळंबी पाणी शोषून फुगते. कच्ची असताना ती काचेसारखी चकचकीत आणि हाताला बुळबुळीत लागते. तव्यावर टाकली की पाण्यात उकळायला लागते, निम्मी होते, आणि शिजल्यावरही रबरासारखी कचकचते. पाकिटावरच्या घटकांत फॉस्फेट किंवा 451 हा क्रमांक दिसला तर ते पाकीट सोडा. बाजारातली डोक्यासकट कोळंबी सोलून साधारण निम्मी उरते. तेवढं धरून भाव लावला तर बरेचदा तीच परवडते.

नावाची फसवणूक तर याहून सोपी. सप्टेंबर 2023 मध्ये चंदेरी पापलेट महाराष्ट्राचा राज्य मासा झाला, आणि त्याच्याच नावावर तळ्यात वाढवलेला स्वस्त रूपचंद विकला जातो, ‘पाँफ्रेट’ या शब्दाआधी काहीतरी विशेषण लावून. अख्खा मासा हातात असेल तर गोंधळ व्हायचं कारण नाही. रूपचंदाच्या तोंडात ठळक दात असतात आणि पाठीवर शेपटीच्या अलीकडे एक छोटा मांसल पर असतो. पापलेटाचं तोंड इवलंसं, शेपटी खोल दुभंगलेली, आणि पोटाखाली परांची जोडी नसतेच. खरा पापलेट असला तरी आकार विचारा: किलोत किती नग? मोठ्या पापलेटाचा भाव लहानाच्या कितीतरी वर असतो, आणि फोटो कायम मोठ्याचाच असतो. रावसाच्या नावाखाली बासाची बिनकाट्याची पांढरी पट्टी येते. त्यावर इलाज एकच, रावस कातडीसकट मागवा. सोललेल्या पट्टीवरून खात्री देणं जाणकारालाही कठीण.

म्हणून आमचं स्पष्ट मत असं, की घरपोच मागवायचीच असेल तर मासळी अख्खी मागवा, किंवा ‘कापून, पण डोकं आणि कातडीसकट’ असं लिहून मागवा. माशाची ओळख, वय आणि वजन लपवायची सोय तुकडीतच असते. डोकं आलं की डोळे बघता येतात: फुगीर, स्वच्छ असतील तर ताजा, खोल गेलेले आणि दुधाळ असतील तर जुना. कल्ले उचलून बघा, लालभडक हवेत, विटकरी किंवा चिकट नकोत. पापलेटाचा कल्ल्याजवळचा भाग दाबून बघायची कोळणींची जुनी पद्धत आहे. पांढरं पाणी आलं तर घ्यायचा, लाल आलं तर ठेवून द्यायचा.

पार्सल आल्यावर पहिल्या पाच मिनिटांत काम उरका. बंद डबा, त्यावरचं लेबल, उघडणं, निथळणं आणि काट्यावरचा आकडा, सगळं एकाच सलग व्हिडिओत घ्या. लेबलावर पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, पॅकिंगची तारीख, निव्वळ वजन, किंमत आणि अन्न परवान्याचा 14 आकडी क्रमांक हवा. वजन कमी भरलं तर वैध मापन शास्त्र विभागाकडे, मासळी खराब निघाली तर अन्न व औषध प्रशासनाकडे, आणि पैसे अडकले असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 वर तक्रार करा. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्या, पुढे सगळीकडे तो लागतो.

‘थेट बोटीवरून’ म्हणत व्हॉट्सॲपवर आगाऊ पैसे मागणाऱ्यांचा प्रकार वेगळा. तिथे ना लेबल असतं, ना परवाना, आणि पैसे गेल्यावर नंबर बंद होतो. असं झालं तर वाट न बघता त्याच तासात सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, 1930 वर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात वळायच्या आत गोठवता आली तरच परत मिळायची शक्यता राहते.