‘बर्ड-सेफ’ पिंजरा सफाई: फोंड्याच्या बाजूचे पक्षीवाले, सावध राहा!

आधी आकडे. वर्षभराच्या ‘पिंजरा सॅनिटायझेशन प्लॅन’चे ६,४९९. सफाईवाल्यांच्याच लिक्विडच्या दोन बाटल्या, प्रत्येकी ७८०, म्हणजे १,५६०. डॉक्टरची फी आणि औषधं १,६३०. एकूण ९,६८९ रुपये. शिवाय एक बजी (छोटा पाळीव पोपट) गेला, त्याची पावती कोण देणार?

आमच्याकडे बजींची जोडी (बाजारात सर्रास लव्हबर्ड म्हणून विकतात ते) आणि मुलीचा हॅमस्टर. पावसाळ्यात इथं पिंजरा वाळत नाही. ट्रे धुवावा तर कोपऱ्यात बुरशी, न धुवावा तर भुशाला मुताचा दर्प. म्हणून माणूस बोलावला, हौस म्हणून नव्हे. ‘एवढ्याशा कामाला माणूस?’ असं विचारणाऱ्यांनी जुलैत फोंड्याला येऊन एक पिंजरा वाळवून दाखवावा.

माणूस तोंडाचा गोड. गळ्यात आयकार्ड, हातात लॅमिनेट केलेला क्यूआर कोड. पहिली सफाई फुकट, ‘डेमो’. त्यात नुसतं साबणाचं पाणी असणार, कारण पक्ष्यांना काही झालं नाही. मग ठरलेलंच: ‘आज भरलंत तर ६,४९९, उद्यापासून ८,९९९.’

पुढच्या खेपेला त्यानं बादलीत लिक्विड ओतलं. बाटलीत तपकिरी, आरपार दिसणारं. पाण्यात पडलं आणि बादलीभर दूध झालं! हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. न्हाणीत, संडासात, चवथीच्या साफसफाईत. फिनाइल. वर गवती चहाचा वास मारला होता इतकंच. मी विचारलंही, ‘हें फिनाइल न्हय मूं?’ ‘ना गे वैनी, कडुनिंबाचें तेल तें.’ आता सांगा, जास्वंदीच्या किडीवर मी स्वतः कडुनिंबाचं तेल साबण घालून मारते, तेही असंच दुधाळ होतं. कुणीही विश्वास ठेवला असता. पण तेवढ्यात त्यानं स्वतःच्या नाकाला रुमाल बांधला, आणि पक्षी मात्र त्याच खोलीत. तो रुमाल आठवला की अजून डोकं फिरतं. ‘बर्ड-सेफ’ म्हणे!

संध्याकाळी नर पिसं फुगवून खाली बसला. दर श्वासाला शेपटी वरखाली. पक्ष्याची शेपटी अशी हलू लागली की थांबू नका, थेट डॉक्टर. आमचा वाचला नाही. डॉक्टर म्हणाले, पक्ष्यांना फुप्फुसांबरोबर हवेच्या पिशव्या असतात, श्वास घेताना आणि सोडतानाही फुप्फुसातून ताजी हवा जाते. आपल्याला नुसता ठसका लागेल तेवढा वास त्यांचा जीव घेतो. म्हणूनच कोळशाच्या खाणीत पूर्वी कॅनरी नेत. फिनाइलच नव्हे, डासांची कॉइल, धूप, रूम फ्रेशनर, जास्त तापलेला नॉनस्टिक तवा, सगळंच घातक.

मग तक्रार. मोबाइल बंद, कार्डावरच्या पत्त्यावर मोबाइल रिचार्जचं दुकान. पोलीस म्हणाले, पैसे तुम्हीच दिलेत, हा दिवाणी मामला. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. दुसऱ्या कचेरीतल्या साहेबांनी तर कहर केला: ‘पोपटाचा परवाना आहे का?’ अहो, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली पाळायला बंदी आहे ती आपल्या रानातल्या पोपटांना, बजी ऑस्ट्रेलियाचा! हे मी त्यांना शिकवायचं? लिक्विडची बाटली पुढे केली तर ‘लॅबमधून तपासून आणा, तुमच्या खर्चानं’. म्हणजे चोर मोकळा आणि मी लॅब शोधत फिरायचं. एका टेबलावर तर हसले. ‘चिमण्यांसाठी एवढं?’ साहेबांचा कुत्रा मेला असता तर हसले असते का?

तुम्ही तरी पैसे गेल्या गेल्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा. यूटीआर नंबर (पैसे पाठवल्याचा व्यवहार क्रमांक), स्क्रीनशॉट, बाटली, काही फेकू नका. ग्राहक हेल्पलाइन १९१५. लेबलावर घटक छापलेले नसतील तर घ्यायचंच नाही.

आणि सफाई घरीच करा, मी आता तेच करते. आधी पक्षी दुसऱ्या खोलीत, दार बंद. सुकलेली विष्ठा कोरडी खरवडू नका, धूळ उडते आणि आपल्याही छातीत जाते; पाणी शिंपडून ओली करा. मग साबणाचं गरम पाणी, त्यानंतर पांढरं व्हिनेगर निम्म्यास निम्मं पाणी घालून, आणि स्वच्छ धुणं. माडाचं व्हिनेगर स्वयंपाकालाच ठेवा. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र कधीच नाही, क्लोरीन वायू होतो. हॅमस्टरच्या मुतात अमोनिया असतो, त्यावरही ब्लीच ओतू नका. त्याचा थोडा जुना भुसा परत घाला, स्वतःचा वास नसला की तो बिथरतो. देवदाराचा भुसा मात्र नको. पावसात ऊन नसेल तर पुसून पंख्याखाली, आणि पूर्ण वाळल्यावरच पक्षी आत.

परवा कळलं, तोच माणूस आता म्हापशाच्या बाजूला फिश टँक साफ करून देतो. कंपनीचं नाव बदललंय, बाटली तीच, लेबलावर पक्ष्याऐवजी मासा. दारात आला तर आधी ग्लासभर पाण्यात चार थेंब टाकायला लावा.