दिल्ली दरबाराची मिरवणूक, मोडके भाले आणि आमचा पावसाळा

धातूच्या छोट्या शिपाई-हत्तींचा हा संच दिवाळीत घेतला. आता चवथही, म्हणजे गणेशचतुर्थी, उरकली; म्हणजे गोव्यातला एक अख्खा पावसाळा त्याने काढलाय. इंग्रजांचा १९०३चा दरबार, बाहुल्या ५४ मिलिमीटरच्या, व्हाइट मेटल म्हणजे कथलाच्या मिश्रधातूच्या, हाताने रंगवलेल्या. बाकीचं जाहिरातीत वाचलंच असेल. मला बोलायचंय ते भाल्यांबद्दल.

स्किनर्स हॉर्स या घोडदळाचे स्वार घ्या. अंगरख्याचा पिवळा नेमका, लगाम केसाएवढा बारीक. आणि हातातला भाला? तोही त्याच ठिसूळ धातूत ओतलेला! पेटी उघडली तेव्हाच काहींनी मान टाकली होती. बोटाने सरळ करायला गेलं की मुठीपाशी कट्. पाच आकडी किंमत मोजायची, वर कस्टमची ड्यूटी भरायची, आणि भालाईत उभे राहणार काठी हरवलेल्या गुराख्यांसारखे.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘पेटी उघडतानाचा व्हिडिओ पाठवा.’ लग्नाचं शूटिंग आहे का हे? बराच पत्रव्यवहार झाल्यावर पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन मिळालं. सुटे भाले मागितले, तर म्हणे सुटे विकत नाही.

मी एकच तारा देणार होतो. हत्तींनी वाचवलं. दरबाराच्या तोंडावर, २९ डिसेंबर १९०२ला, व्हाइसरॉय कर्झन आणि त्याची बायको हत्तीवरून दिल्लीत शिरले, जामा मशिदीवरून मिरवणूक गेली, तो हा देखावा. झुलीची जरीची किनार, हत्तीची नखं वेगळ्या रंगात, माहुताचा पाय बरोबर कानामागे. अंबारी सुटी निघते, त्यामुळे धूळ पुसता येते. तीन तारे.

चवथीला माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या छताखाली, सगळा लवाजमा मांडला. आमची आते म्हणाली, “आमचेर राज्य पुर्तुगेजांचें, आनी तूं इंग्रजांचे हत्ती मिरयता?” बिनतोड! मला खरं तर १९११चा दरबार हवा होता, तोही सयाजीराव गायकवाडांसाठी. बादशहा पंचम जॉर्जपुढे एकदाच मान लववली आणि पाठ फिरवून चालते झाले. इंग्रजी वर्तमानपत्रांनी केवढं रान उठवलं होतं. या मालिकेत ते नाहीत.

पावसाळ्यात आणखी अर्धा तारा वाढला. त्याच कपाटातल्या माझ्या जुन्या शिशाच्या पोकळ शिपायांवर पांढरी भुकटी धरली. प्लायवूडमधून सुटणारी आम्लाची वाफ आणि आपली दमट हवा एकत्र आली की शिसं असं कुजतं. ती भुकटी विषारी, नुसत्या हाताने पुसू नका, पोरांना तर जवळ फिरकू देऊ नका. नवा संच मात्र तिथेच राहून लख्ख. जुन्यांना आता झाकणाच्या प्लास्टिक डब्यात हलवलंय, सोबत सिलिका जेलच्या पुड्या.

भाल्यांचा इलाज म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सापडला: एक मिलिमीटरची पितळी तार. मुठीत बारीक गिरमिटाने आरपार भोक पाडायचं, तार घालायची, थेंबभर अरल्डाइट. टोक कानशीने घासायचं. झेंडीला मलमाच्या रिकाम्या ट्यूबचा पत्रा कापला, वर लाल, खाली पांढरा रंग. सगळ्या पलटणीचा खर्च दोन प्लेट भजीएवढा. हे कारखान्यात सुचत नाही?

कूपनची मुदत संपत आलीय. बिकानेरचं उंटदळ घेईन म्हणतो. ते बंदूकवाले आहेत.