मुलांसाठीचा बागकाम संच: काय वापरावं, काय बदलावं

संचात ६५० ग्रॅमची कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) वीट, सहा इवल्या कुंड्या, खुरपं, झारी आणि टोमॅटो, कोथिंबीर, झेंडू, तुळस यांच्या बियांची पाकिटं येतात. खुरपं उत्तम: बोथट कडा, लहान मुठीत बसणारा दांडा.

वीट बादलीत ठेवून तीन-चार लिटर पाणी थोडं थोडं ओतायचं. ती फुगताना बघणं हा मुलांचा सर्वांत आवडता भाग, तो त्यांनाच करू द्या. पण नुसत्या कोकोपीटमध्ये पोषण जवळजवळ नसतं. रोप उगवतं, दोन-चार पानांवर पिवळं पडतं. दोन भाग कोकोपीटला एक भाग गांडूळखत मिसळाच. संचात ते नाही, ही मोठी उणीव.

बियांची निवडही चुकलीय. टोमॅटोला फळ धरायला अडीच-तीन महिने लागतात, एवढा धीर पाच वर्षांच्या मुलाकडे कुठला? स्वयंपाकघरातली मेथी रात्रभर भिजवून पेरा. दोन-तीन दिवसांत कोंब, तीन-चार आठवड्यांत भाजी. धणे मात्र लाटण्याने हलके रगडून दोन दळं करून पेरावेत; उगवायला आठ-दहा दिवस, कधी जास्तही.

झारीची धार जोरदार आहे, बिया वाहून एका कोपऱ्यात जमतात. फवारणीची बाटली द्या. उत्साहाच्या भरात मुलं दिवसातून चारदा पाणी घालतात आणि रोपं बुंध्याशी कुजून आडवी होतात. बोट पेरभर खुपसून कोरडं लागलं तरच पाणी, हा नियम मुलं आनंदाने पाळतात.

कुंड्यांना भोकं नाहीत. तापवलेल्या सळईने तीन-चार पाडा, हे काम मोठ्यांचंच.