टेराफिल : लाल पाण्याला उतारा, खाऱ्या पाण्याला नाही

मी जिल्हा परिषदेच्या हातपंप दुरुस्ती पथकात एकतीस वर्षं काढली. कंधार, लोहा, मुखेड या तालुक्यांतले किती हापसे खोलले आणि किती बसवले, त्याचा हिशेब ठेवला नाही. गावात मला नावानं कुणी हाक मारत नाही, मिस्तरीच म्हणतात. हे आधी सांगतो, कारण पुढं एका पाण्याच्या फिल्टरबद्दल लिहायलोय आणि त्यात मी गरजेपेक्षा खोल जाणार. हापशेवाल्याची खोडच ती.

फिल्टरचं नाव टेराफिल. गेल्या आषाढात भाच्यानं आणला. भाचा रेल्वेत, ओडिशातल्या संबळपूरला. तिथून नागावली एक्सप्रेस थेट आमच्या नांदेडला येते, त्यामुळं तो रिकाम्या हातानं कधी येत नाही. त्याच्या आधीच्या वर्षी मामीसाठी संबळपुरी साडी आणली होती. या वेळी पिशवी सोडली तर आत दोन डबे आणि विटेसारखी मातीची चकती. आमच्या मंडळींचं तोंड बघण्यासारखं झालं. "साडीच्या जागी वीट?" एवढंच बोलली आणि चहा टाकायला गेली.

चकती वीतभर रुंद, तीन बोटं जाड. वरच्या डब्याच्या बुडाला भोक पाडून ती सिमेंटानं बसवलेली. खाली दुसरा डबा, त्याला तोटी. वर पाणी ओतायचं, ते चकतीतून झिरपून खाली येतं. वीज नाही, मोटार नाही, दर सहा महिन्यांनी बदलायची नळकांडी नाही. भाच्यानं दिले साडेसहाशे रुपये.

ही चकती निघाली भुवनेश्वरच्या खनिज आणि पदार्थ तंत्रज्ञान संस्थेतून. सीएसआयआर म्हणजे केंद्राची वैज्ञानिक संशोधन परिषद, तिची ही प्रयोगशाळा १९६४ सालची. तेव्हा तिला प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळा म्हणत, २००७ मध्ये नाव बदललं. लोहखनिज, क्रोमाइट, बॉक्साइट, समुद्रकाठची वाळू, असल्या मालातून उपयोगी भाग वेगळा कसा काढायचा, हे तिथलं मुख्य काम. म्हणजे गिऱ्हाईक कोण, तर पोलादाचे आणि ॲल्युमिनियमचे कारखाने. त्याच लोकांनी लाल माती, नदीची वाळू आणि लाकडाचा भुसा कालवून ही चकती भाजली. भट्टीत भुसा जळून जातो आणि त्याच्या जागी बारीक छिद्रं राहतात. माती वाळूच्या कणांना धरून ठेवते. पाणी त्या छिद्रांतून वाट काढतं, गाळ वरच अडकतो.

मला याचं नवल वाटलं नाही. ज्या इंडिया मार्क टू हापशावर मी जन्म काढला, त्याचा पूर्वज आपल्या जालन्याचा. तिथल्या मिशनच्या लोकांनी साठच्या दशकात पोलादी पंप बनवला, मग सोलापूर पंप आला, आणि त्यांच्याच खांद्यावर उभा राहून सत्तरच्या दशकात युनिसेफ आणि सरकारनं मार्क टू उभा केला. त्यातही सीएसआयआरची मद्रासची यंत्रशाळा होती. जालन्याचं नाव स्टील आणि बियाण्यांसाठी सगळे घेतात, हापशासाठी कुणी घेत नाही. असो.

आता फिल्टरकडं येतो. आमच्या गल्लीतल्या हापशाला सकाळी पहिले पाच-सहा हंडे लाल पाणी येतं. लोक म्हणतात जमिनीत लोखंड आहे. आपल्या काळ्या पाषाणात बोअरचं पाणी असं लाल सहसा नसतं, पाईप लाल असतो. सव्वा इंची जीआय पाईप, दहा-दहा फुटांचे तुकडे. जस्ताचा मुलामा गेला की आतून गंज सुटतो आणि रात्रभर उभं राहिलेलं पाणी तो पितं. ओळखायची रीत सोपी आहे. सकाळी पंचवीस-तीस हंडे सलग उपसा. पाणी निवळलं तर दोष पाईपचा. शेवटपर्यंत लालच राहिलं तर दोष जमिनीचा. आमच्याकडं सातव्या हंड्याला निवळतं. पाईप बदलायचा अर्ज मीच लिहून दिलाय. तो कुठं आहे ते विचारू नका.

या लाल पाण्यावर टेराफिल चालतो, आणि झकास चालतो. एक युक्ती मात्र सांगतो, जी डब्यावर छापलेली नव्हती. हापशातून निघताना पाणी कधी कधी स्वच्छ दिसतं आणि घटकाभरानं लाल होतं. विरघळलेलं लोखंड हवा लागल्यावर गंज होऊन बाहेर पडतं, म्हणून तसं होतं. चकती अडवते तो हा गंजाचा कण. विरघळलेलं लोखंड तिच्यातून सटकू शकतं. म्हणून पाणी थेट फिल्टरमध्ये ओतू नका. उंचावरून धार धरून टोपात ओता, तासभर उघडं ठेवा, मग फिल्टरला घाला. आमच्या घरी चहाचा रंग हीच प्रयोगशाळा. लोखंडाच्या पाण्यात चहा शाईसारखा काळा पडतो. फिल्टर लावल्यावर तिसऱ्या दिवशी मंडळींनी कप पुढं ठेवला आणि म्हणाली, "चहासारखा दिसायलाय की आज." साडीचा राग तिथं संपला.

पहिल्या पुराच्या वेळी नळाला मातकट पाणी आलं, तेव्हाही याचा उपयोग झाला. आधी आम्ही तुरटी फिरवायचो. माझी आजी निवळीचं बी रांजणाच्या आतल्या अंगाला घासायची. तुरटीनं गाळ बसतो, पण वरचं पाणी अलगद काढायला हात हलका लागतो. चकतीला ती कसरत नाही. फार गढूळ असेल तर आधी तुरटी, मग चकती, नाहीतर चकती लवकर बुजते.

बुजण्याबद्दल. पहिल्या आठवड्यात मी बाटली लावून मोजलं, तासाला दोन-सव्वादोन लिटर पडत होतं. महिनाभर हात लावला नाही, तर लिटरच्या आत आलं. वरचा थर नायलॉनच्या मऊ ब्रशनं घासला, पाणी फेकलं, की पुन्हा पहिल्यासारखं. साबण नाही, घासणीची तार नाही. आठवड्याला पाच मिनिटांचं काम आहे. पाच-सहा माणसांच्या घराला पिण्यापुरतं पुरतं, पण पाहुणे आले की पुरत नाही. नागपंचमीला पोरी माहेरी आल्या तेव्हा जार आणावाच लागला.

जंतूंचं काय? बरेचसे जंतूही चकतीत अडतात असं संस्थेचं म्हणणं आहे. मी आपल्या पद्धतीनं बघितलं. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं शिक्षण दिलंय, त्यातली एक आमच्या शेजारी. तिच्याकडं छोट्या बाटल्या असतात. पाणी भरून ठेवायचं, एक-दोन दिवसांत काळं पडलं तर पाणी दूषित. नळाच्या पाण्याची बाटली काळीभोर झाली. फिल्टरच्या पाण्याची तशीच राहिली. मी खूष. तीन आठवड्यांनी पुन्हा भरली, तर तीही काळी! चकतीला शिव्या घालणार होतो, पण शेजारणीनं खालचा डबा उघडून दाखवला. आत बोटांचे डाग, तोटीच्या मुळाशी शेवाळ. नातू झाकण काढून पेला बुडवायचा. तेव्हापासून खालच्या डब्याला आठवड्याला धुणं आणि मेडिक्लोरचे, म्हणजे क्लोरीनच्या औषधाचे, थेंब ठरलेले. थेंब वर घालायचे नाहीत, खाली गाळलेल्या पाण्यात घालायचे.

तोटी भिकार. प्लास्टिकची, दुसऱ्या महिन्यात गळायला लागली. डबे कुणी बनवले त्याचं नाव त्यावर नाही, असतं तर त्याला फोन केला असता. मी पितळी तोटी बसवली, पावणेदोनशे गेले. शिवाय प्रवासात आदळून चकतीच्या कडेचं सिमेंट सुटलं होतं, तिथून पाणी न गाळताच खाली उतरत होतं. मी मिस्तरी म्हणून ओळखलं. दुसरा कुणी असता तर गढूळ पाणी पीत बसला असता आणि फिल्टरला नावं ठेवली असती. म्हणून हा फिल्टर घेतल्यावर पहिल्यांदा वर निळीचं पाणी ओता. काही मिनिटांतच कडेनं निळी रेघ उतरली तर सिमेंट पुन्हा भरा.

आता खरी गोष्ट. शेतातल्या आमच्या बोअरचं पाणी लाल नाही, पण जड आहे. डाळ शिजत नाही, हंड्याला पांढरं किटण बसतं. दिसायला आरशासारखं. ते पाणी मी चकतीतून काढलं आणि टीडीएस मीटर, म्हणजे विरघळलेले क्षार मोजायचं यंत्र, बुडवलं. आधी ११४०, नंतर ११३०. म्हणजे काहीच नाही. ते व्हायचंही नव्हतं. विरघळलेला क्षार पाण्याबरोबर छिद्रांतून जातो, तो गाळून निघत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी टीडीएसची मानकातली हद्द लिटरला ५०० मिलिग्रॅम, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. फ्लोराइडचंही तसंच. माझी धाकटी बहीण किनवटकडं दिलीय, तिकडं काही गावांत पोरांचे दात पिवळे-तपकिरी दिसतात. तिनं फिल्टरची गोष्ट ऐकली आणि मागितला. मी दिला नाही. तिला वाईट वाटलं. पण फ्लोराइडची हद्द लिटरला फार तर दीड मिलिग्रॅम, आणि ते या चकतीनं निघत नाही, उकळून निघत नाही, उलट उकळल्यानं पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं. त्याला बॉक्साइटपासून बनवलेला सक्रिय ॲल्युमिना लागतो, नाहीतर नागपूरच्या नीरी संस्थेची नलगोंडा पद्धत, तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडरची. तिला म्हणलं, आधी भूजलच्या प्रयोगशाळेतून पाणी तपासून घे, मग मशीनचं बघू.

पाणी कुठलं, हे न विचारता मशीन विकणाऱ्यांचा मला राग आहे. गेल्या उन्हाळ्यात एक जण आरओ घेऊन आला. दोन पेले मांडले, एकात आमचं पाणी, एकात त्याच्या मशीनचं. दोन्हींत कांड्यांचं यंत्र बुडवलं, बटण दाबलं. आमचा पेला लालभडक झाला, त्यावर तपकिरी फेस. बाया तोंडाला पदर लावून बघायला लागल्या. मी उठलो, त्याच्या शुद्ध पेल्यात चिमूटभर मीठ टाकलं आणि म्हणलं, आता दाब बटण. तोही लाल झाला. घाण पाण्यात नव्हतीच. कांडी लोखंडाची. क्षाराच्या पाण्यातून वीज वाहते आणि कांडीच झिजते. आरओच्या पाण्यात क्षार नसतो म्हणून वीज वाहत नाही, एवढाच खेळ. आरओ वाईट नाही. शेतातल्या माझ्या बोअरला आरओच लागेल. पण लाल पाण्यासाठी आरओ घेणं आणि निम्म्याहून जास्त पाणी मोरीत सोडणं, तेही आपल्यासारख्या टँकरच्या मुलखात? २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ती वाघिणींची रांग आम्ही विसरलो नाही.

एका गोष्टीसाठी मी खास गावातल्या कुंभारमामांकडं गेलो. म्हणलं, मामा, माती, वाळू, भुसा, एवढंच आहे. तुम्हाला जमेल? त्यांनी चकती हातात फिरवली, कड चाटून बघितली.

"मिस्तरी, आपली काळी माती हिला चालायची नाही. भिजली की फुगती, वाळली की तडकती. तळ्याच्या गाळात लाल माती मिसळावी लागंल."

"आणि भुसा?"

"आम्ही लीद घालतोच की. लीद जळती, माठाला छिद्रं पडत्यात, म्हणून तर पाणी गार होतंय. तुमच्या त्या संस्थेनं नवीन काय केलं?"

मी गप्प बसलो. मग त्यांनी दिवाळीच्या आधी आव्यात पाच चकत्या भाजल्या. तीन तडकल्या. चौथीतून पाणी चाळणीसारखं बदाबदा खाली. पाचवीतून थेंब निघेना. मामा हसले आणि म्हणाले, "आता कळलं संस्थेनं काय केलं ते." भुसा किती बारीक चाळायचा, कशाचं प्रमाण किती, भट्टीची धग सगळीकडून सारखी कशी ठेवायची, ते शिकवणारं माणूस इथं यायला पाहिजे. आपल्याकडं गोदावरीची वाळू आहे, आरागिरणीत भुशाचे ढीग आहेत, चाकावर बसणारे हात अजून आहेत. चकती संबळपूरहून रेल्वेनं यावी, हे मला पटत नाही.

किंमत, काम, टिकाऊपणा धरून मी रुपयातले बारा आणे देईन. दोन आणे तोटीचे कापले, दोन आणे डब्यावर "खाऱ्या पाण्यासाठी नाही" एवढे तीन शब्द छापले नाहीत म्हणून.

संक्रांतीला चकतीला केसाएवढी भेग दिसली. नातवानं ब्रशऐवजी दगड घेतला होता. भाच्याला फोन केला, येताना दुसरी आण म्हणलं. मंडळींनी मागून सांगितलं, "साडीत गुंडाळून आण म्हणावं."