गाढीकाठ ते माथेरान लूप: पैसे वसूल, पण पाणी चुकीच्या जागी

आधी गुण सांगते, मग कारणं. पनवेलच्या एका छोट्या रनिंग ग्रुपने भरवलेल्या या ट्रेल रनला, म्हणजे डोंगरवाटांवरच्या शर्यतीला, माझे पाचात चार. कापलेला एक गुण पूर्णपणे पाण्याचा. मात्र पाणी कमी नव्हतं, भरपूर होतं. ते जिथे हवं तिथे नव्हतं.

जाहिरातीत ‘२१ किलोमीटर’ एवढंच ठळक छापलंय. पाम बीच रोडवर किंवा खारघरच्या सेंट्रल पार्कजवळ २१ पळणाऱ्याला हा आकडा घरचा वाटतो. खाली बारीक अक्षरात चढ दिलाय, सुमारे ७०० मीटर, आणि तो जवळजवळ सगळा एकाच तुकड्यात आहे. सपाट हाफ मॅरेथॉनचा तुमचा वेळ दुप्पट करा, वर थोडा ठेवा, आणि घरी तसं सांगूनच निघा. आमच्याकडे जेवणाची वेळ टळली की फोन सुरू होतात.

सुरुवात वाजे गावाच्या पुढे एका शेतावरून, अंधारातच. हेडटॉर्च सक्तीचा आहे आणि तो खरंच तपासतात, हे आवडलं. पहिले काही किलोमीटर गाढी नदीच्या काठाने, भात कापून झालेल्या खाचरांतून. बांध अरुंद, खाली धसकटं, मधे वालाचं पीक उभं. इथे पुढे जाण्याची घाई करणाऱ्यांना ग्रुपमधला एक दादा ओरडून सांगत होता, “वाल तुडवू नका हो, लोकांचं पीक आहे ते!” वळणावळणावर वाडीतली पोरं उभी होती आणि फांद्यांना कापडी पट्ट्या बांधल्या होत्या. रस्ता चुकायला वावच नाही. गाढेश्वराजवळ देहरंग धरणाचं पाणी डाव्या-उजव्या झाडांतून चमकायला लागतं तोवर उजाडतं. पनवेल शहराला पाणी पुरवणारं हेच धरण. पावसाळ्यात इथे पर्यटकांना बंदी असते आणि ती योग्यच आहे. हे ओढे किती फसवे आहेत ते कोरड्या पात्रातले धोंडे बघूनही कळतं. म्हणून ही शर्यत थंडीतच घेतात.

मालडुंगे मागे पडलं की पायथ्याचं धोदाणी गाव, आणि तिथून माथेरानच्या सनसेट पॉइंटची वाट सुरू. सगळे या चढाचा बाऊ करतात. माझं मत उलटं आहे. चढ अवघड आहे, पण प्रामाणिक आहे. कुणी पळत नाही, सगळे गुडघ्यांवर हात ठेवून चालतात, झाडांची सावली असते, दम लागला तर थांबता येतं. धोदाणीची माणसं दूध-भाजी घेऊन याच वाटेने माथेरानला जातात. एक मावशी डोक्यावर पाटी घेऊन, साध्या चपलांवर, आमच्या सहा हजारांच्या बुटांना मागे टाकून गेल्या. जाता जाता म्हणाल्या, “दमानं या गं.”

वर आलात की जमिनीचा रंगच पालटतो. खाली काळा कातळ आणि मुरूम, वर जांभ्याची लाल माती. सनसेट पॉइंटवरून समोर प्रबळगड आणि त्याच्या बाजूला कलावंतिणीचा सुळका. १८५०मध्ये ठाण्याचे कलेक्टर मॅलेट माथेरानवर आले ते चौक गावाच्या बाजूने. ते या बाजूने आले असते तर माथेरान आणखी काही वर्षं सापडलं नसतं, असं मला चढताना वाटत होतं. माथ्यावर वाहनांचा आवाज नाही, दाट झाडीतून दोन-अडीच किलोमीटरचा छोटा फेरा आणि मग पुन्हा त्याच तोंडाशी. या फेऱ्यात खरोखर पळता येतं.

आयोजकांनी सगळा खजिना इथेच मांडला होता. पाणी, मीठ-लिंबू, कोकम सरबत, चिक्की, उकडलेली रताळी. केळी झाकणाच्या पिंपात, कारण माकडं वाटच बघत होती. एकाच्या हातातली चिक्की गेलीच.

आता खरी परीक्षा. उतार. जिथे चढताना दम लागला तिथे उतरताना घसारा लागतो, आणि सुटा मुरूम पायाखालून सरकतो. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच अंगाचं वजन धरून ठेवतात, त्यामुळे दुखणं त्याच दिवशी नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं. माझ्या बँकेच्या शाखेत दोन जिने आहेत, एवढंच सांगते. रोडवर पळायचे गुळगुळीत तळव्यांचे बूट घालून आलेले दोघे बसून उतरत होते. खोल खाचांचे ट्रेल बूट घ्याच, आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा सोडा, नाहीतर नखं काळी. उतारावर आयोजकांची व्यवस्था मात्र उत्तम: अवघड वळणांवर दोर, पायथ्याला डोली घेऊन वाडीतले चार गडी, आणि शेवटच्या माणसामागे झाडू म्हणून चालणारा एक शांत मुलगा, जो कुणालाही “लवकर चला” म्हणत नाही.

खाली उतरून धोदाणी सोडली की परतीचे सहाएक किलोमीटर नदीच्या दुसऱ्या काठाने. नकाशावर ही पट्टी सरळ, निरुपद्रवी. प्रत्यक्षात दहा वाजून गेलेले, सावली संपलेली, पात्र तापलेलं, हवेत ओल इतकी की घाम वाळत नाही. मांड्या संपलेल्या. आणि या अख्ख्या पट्टीत पाण्याचं एकही टेबल नाही! वर रताळी उरली होती, खाली लोक एकमेकांकडे घोटभर मागत होते. शर्यत सोडणारे जे दिसले ते सगळे इथे दिसले, चढावर एकही नाही. मी आयोजकांना विचारलं तर उत्तर आलं, “ताई, तिथे तर सपाट आहे ना.” चढाच्या आकड्यावर नजर ठेवून आखणी केली की असं होतं. वरचं अर्धं सामान खाली आणा, मधोमध एक ताडपत्री बांधा, काम झालं. खर्चही वाढत नाही, उलट माथ्यावर पाठीवरून न्यायचे कॅन कमी होतील.

शुल्क हजार-बाराशेच्या घरात, त्यात छातीवर लावायचा नंबर, नाश्ता, मार्गाची जीपीएस फाइल. टी-शर्ट घ्यायचा की नाही ते विचारतात, नको म्हटलं तर पैसे कमी. बाकीच्यांनीही हे शिकावं. पंधरवड्याने मी सहज गेले तेव्हा पट्ट्या काढलेल्या होत्या, वाटेवर एनर्जी जेलची रिकामी पाकिटं नव्हती.

पहिल्यांदाच ट्रेलवर येणार असाल तर आधी खारघर टेकडी किंवा बेलापूरची पारसिक टेकडी काही रविवार चढा-उतरा, आणि चढण्यापेक्षा उतरण्याचा सराव जास्त करा. पाठीवर किमान दीड लिटर पाणी घ्या आणि धोदाणीतल्या घरी विनंती करून ते पुन्हा भरून घ्या, कुणी नाही म्हणत नाही. पहाटे बस मिळत नाही, नव्या पनवेलहून गाडी वाटून जा. नाश्त्याचे पोहे बरे होते, पण गार. जानेवारीत वालाच्या शेंगा शेतातच असतात. भांबुर्डीचा पाला लावून त्या मडक्यात भाजा, म्हणजे पोपटी करा, आणि शंभर रुपये जास्त घ्या, मी देईन.