रविवर्म्यांची लक्ष्मी: तैलचित्रातली आणि छापातली

राजा रविवर्मा यांची तैलचित्रं आणि त्यांवरून निघालेले छाप, दोन्हींना आपण सरसकट 'रविवर्म्यांची चित्रं' म्हणतो. काम मात्र दोन्हींचं वेगळं.

तैलचित्र एकच असतं. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांसाठी काढलेली पौराणिक चित्रं राजवाड्यात लागली. तिथं पाहणारा साडीचा पोत, अंगावर पडलेला उजेड न्याहाळणार आणि चित्रकाराला दाद देणार.

छापाची तऱ्हाच न्यारी. १८९४ साली मुंबईत रविवर्म्यांचा छापखाना निघाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. चित्र सपाट दगडावर उतरवून त्यावरून कागदावर छापायचं; प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, एकावर एक छाप. यात मधल्या नाजूक छटा हरवतात, कडा ठसठशीत होतात. कलेच्या मापानं हा तोटाच. पण तीच लक्ष्मी काचेच्या चौकटीतून देवघरात गेली की तिला हळदकुंकू लागतं, हार चढतो. कुणी हौसेनं साडीवर जर आणि टिकल्या चिकटवायचं; राजवाड्यातल्या चित्राला असा हात कोण लावू देईल? नंतर कॅलेंडरावर तिच्या पायाशी दुकानदाराचं नाव आणि तारखासुद्धा आल्या.

रंगांची जादू पाहायची तर तैलचित्रच. छाप त्याच्या जवळपासही फिरकत नाही. पण चार हातांची, कमळावर उभी लक्ष्मी घराघरांत डोळ्यांपुढे उभी केली ती छापानंच, आणि माझ्या लेखी हे काम मोठं. याच छापखान्यात काम केलेल्या दादासाहेब फाळक्यांनी पुढे देवांना पडद्यावर चालतं-बोलतं, निदान चालतं तरी केलं.